शिरगणतीत आपण कुठे?



महाडच्या चवदार तळ्याची तारीख आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २० मार्च १९२७. पण त्याच्या बरोबर आठ दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब काय करत होते, हे आपल्या सभांतून फारसे कोणी सांगत नाही. त्या दिवशी ते मुंबई कायदे कौन्सिलात उभे राहून शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. वय पस्तीस. कौन्सिलात नेमणूक होऊन थोडेच दिवस झालेले. आणि हातात कोणतेही गाऱ्हाणे नाही, तर सरकारचेच छापील आकडे.

त्या भाषणातले आकडे आज वाचले तरी अंगावर काटा येतो. शिक्षण खात्याने तेव्हा प्रांतातल्या लोकांचे चार भाग पाडले होते. पहिला प्रगत हिंदूंचा, दुसरा मुसलमानांचा, तिसरा मराठा वगैरे मधल्या जातींचा आणि चौथा मागासवर्गाचा. या चौथ्यात आपण अस्पृश्य होतो, डोंगरातले आदिवासी होते आणि सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती होत्या. बाबासाहेबांनी सांगितले की, प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे प्रगत हिंदूंची ११९ मुले, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि मागासवर्गाची १८. वरच्या शाळेत दर लाखामागे हेच प्रमाण अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४. कॉलेजात तर दर दोन लाखांमागे १०००, ५२, १४ आणि शेवटी शून्य. असलाच तर एखादा!

हजारामागे शून्य नव्हे, दोन लाखांमागे शून्य.

यावर ते थांबले नाहीत. लोकसंख्येत कोण कितव्या नंबरावर आणि शिक्षणात कितव्या, हे त्यांनी शेजारी-शेजारी मांडले. लोकसंख्येत मागासवर्ग दुसरा होता, शिक्षणात चौथा. प्रगत हिंदू लोकसंख्येत चौथे, शिक्षणात पहिले. शाळेत पाऊल टाकणाऱ्या शंभर पोरांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, म्हणजे त्यांच्यावरचा खर्च पाण्यात जातो, हेही त्यांनी दाखवले. आणि सरकारला एक टोला असा मारला की, तुम्ही शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करता आणि दारूच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल करता.

आठ दिवसांनी ते महाडला पोचले. चवदार तळ्याची गोष्ट आपण जयंतीला सांगतो आणि सांगितलीच पाहिजे. पण मला वाटते, कौन्सिलातली ती लढाईही तळ्यावरच्या लढाईइतकीच आपली आहे. दुःख सांगितले की समोरचा माणूस म्हणतो, "अहो, दुःख कुणाला नाही?" पण हजारामागे ११९ आणि १८, यावर तो काय बोलणार? आकडे त्याच्याच सरकारचे. ही रीत बाबासाहेबांनी आयुष्यभर सोडली नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे, १९२८ साली सायमन कमिशनपुढे, १९३० च्या स्टार्ट कमिटीच्या अहवालात, जिथे म्हणून ते गेले तिथे आधी लोकसंख्या, मग साक्षरता, मग नोकऱ्या, असा हिशोब मांडूनच बोलले.

आता हा हिशोब मांडायला लागणारे आकडे आले कुठून? ते आले खानेसुमारीतून.

इंग्रजांची खानेसुमारी

इंग्रजांनी देशात पहिली खानेसुमारी १८७२ च्या सुमारास केली. ती सगळीकडे एका वेळी झाली नव्हती. एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती १८८१ ची आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी ती होत गेली. इंग्रजांनी ती आपल्या भल्यासाठी केली असे कोणी समजू नये. त्यांना राज्य चालवायचे होते, कर घ्यायचा होता, कोण कुठे राहतो ते कळायला हवे होते. पण कागदावर एकदा आकडा उतरला की तो कोणाच्या कामी येईल, हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

१९०१ साली रिस्ले नावाच्या साहेबाने जातींची मोजणी तर केलीच, पण समाजात कोणती जात वर नि कोणती खाली याची उतरंडही लावायला घेतली. झाले! देशभर जातीजातींच्या सभा भरल्या, अर्जांचे गठ्ठे गेले. आमची जात क्षत्रिय लिहा, आमची वैश्य लिहा, आम्हाला अमक्याच्या वर बसवा. जातीचा रकाना आला म्हणून जात बळावली, असे म्हणणारे विद्वान याच प्रकाराचा दाखला देतात. दाखला खोटा नाही. पण त्यात दोष मोजण्याचा की उतरंड लावण्याचा, एवढा फरक त्यांनी केला पाहिजे.

यापेक्षा आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट १९११ च्या खानेसुमारीत घडली. १९०६ साली आगाखानांच्या पुढाकाराने मुसलमान पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉय मिंटोंना भेटले. ज्यांना हिंदू समाज आपल्यात घेत नाही, त्यांना हिंदूंच्या संख्येत धरून हिंदूंचे वजन वाढवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात आपल्याबद्दल कळवळा किती आणि राजकारण किती, हा प्रश्न वेगळा. पण त्यामुळे सरकारला विचार करावा लागला, आणि १९१० साली खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांना दहा कसोट्या लावून पाहायला सांगण्यात आले. ही जात ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व मानते काय? वेदांचे प्रामाण्य मानते काय? तिच्याकडे चांगला ब्राह्मण पूजेला जातो काय? हिंदू देवळाच्या गाभाऱ्यात तिला प्रवेश आहे काय? तिच्या स्पर्शाने विटाळ होतो काय? ती मृतांना पुरते काय, गोमांस खाते काय?

प्रश्न अपमानाचेच आहेत. पण जरा दुसऱ्या बाजूने पाहा. गावोगाव चाललेला विटाळ आणि बंद देऊळ हे तोपर्यंत 'रिवाज' म्हणून खपून जात होते. १९११ साली पहिल्यांदा तेच सरकारी कागदावर प्रश्न म्हणून आले आणि त्याचे उत्तर संख्येत मागितले गेले. बाबासाहेबांनी पुढे १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ लिहिला, तेव्हा अस्पृश्य हे हिंदूंपासून वेगळे कसे पडले याचा शोध त्यांनी याच कसोट्यांपासून सुरू केला. ज्या साहेबांनी त्या तयार केल्या त्यांच्या स्वप्नातही हे आले नसेल.

एक गोष्ट मात्र रजिस्टर सांगत नाही. मोजायला येणारा माणूस बहुधा गावचा तलाठी किंवा मास्तर. त्याने महारवाड्यात पाऊल टाकून विचारले, की वेशीवर उभे राहून येसकराकडून आकडा घेतला?

अस्पृश्य अचानक कमी कसे झाले?

१९३१ ची खानेसुमारी हटन यांच्या देखरेखीखाली झाली. सर्व जातींची पूर्ण मोजणी होऊन आकडे छापले गेले, अशी ही शेवटची. अस्पृश्यांची संख्या देशभरात सुमारे पाच कोटी भरली. पाठोपाठ १९३२ साली मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी लॉर्ड लोथियन यांची समिती आली आणि बाबासाहेब तिचे सभासद होते.

इथे जी गंमत झाली ती गंमत म्हणण्यासारखी नाही. तोवर अस्पृश्यांची संख्या किती, यावर कोणाचा वाद नव्हता. कितीही असोत, काय बिघडते? पण आता संख्येवर कायदेमंडळातल्या जागा ठरणार होत्या. लगेच ठिकठिकाणच्या प्रांतिक समित्यांतून उत्तरे यायला लागली की, आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच! संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, खानेसुमारीच्या हिशोबाने अस्पृश्य सव्वा कोटीच्या आसपास होते. प्रांतिक समितीने ते सहा लाखांवर आणून ठेवले. बंगालात एक कोटीच्या वर असलेली माणसे समितीच्या हिशोबात लाखाच्याही खाली गेली. विहिरीवर जे विटाळ करत होते ते सकाळी विटाळ करत राहिले आणि दुपारी समितीपुढे नाहीसे झाले.

बाबासाहेबांनी याला जे उत्तर दिले ते वकिलाचे होते. अस्पृश्यतेचा अर्थच नीट ठरवा, असे ते म्हणाले. काही प्रांतांत शिवल्यावर लोक अंघोळ करत नसतील, म्हणून तिथे अस्पृश्यता नाही असे होत नाही. शिवाशिवीची प्रत्यक्ष कृती नसली तरी ज्याला विटाळ मानला जातो तो अस्पृश्यच. हा मुद्दा आजही जुना झालेला नाही. कपबशी वेगळी ठेवणारा माणूस आजही म्हणतो, "आमच्याकडे तसलं काही नाही हो."

त्याच वर्षी पुणे करार झाला आणि प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. मग त्या जागा कोणासाठी, हे ठरवायला यादी लागली. १९३५ च्या कायद्याखाली १९३६ साली ती यादी निघाली. महार, मांग, चांभार, ढोर आणि अशा कितीतरी जातींची नावे त्या परिशिष्टात, म्हणजे अनुसूचीत, घातली गेली. 'अनुसूचित जाती' हा शब्द तिथून आला. त्याचा अर्थ 'यादीतल्या जाती' एवढाच आहे. आपल्या पोरांना हे सांगायला हवे, कारण त्यांना वाटते की हा कुठला तरी खालचा दर्जा आहे.

पुढे १९४१ ची खानेसुमारी महायुद्धात अडकली आणि जातींचे तक्ते पूर्ण निघालेच नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली सरकारने ठरवले की जात विचारायची नाही, कारण विचारल्याने जातीयता वाढते. अपवाद अनुसूचित जाती-जमातींचा. हेतू चांगला असेल. पण परिणाम काय झाला? देशात किती महार, किती मांग, त्यांच्यात शिकलेले किती, शेतमजूर किती, हे दर दहा वर्षांनी छापून यायला लागले. जमीन कोणाच्या हातात, कचेऱ्या कोणाच्या हातात, कारखाने कोणाचे, हे जातवार कोणी मोजलेच नाही. विषमता म्हणजे दोन टोकांमधले अंतर. एकच टोक मोजून अंतर कसे कळणार? १९२७ साली बाबासाहेबांना १८ च्या शेजारी ११९ ठेवता आले. १९५१ नंतर सरकारने आपल्याला फक्त १८ दिला. मंडल आयोगाने १९८० मध्ये इतर मागासवर्गीयांची संख्या ५२ टक्के धरली, तीही १९३१ च्या आकड्यांवरून. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या मापाने सदरा शिवावा तसे.

यादीतून बाहेर पडलेले लोक

आता आपल्या घरची गोष्ट.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींची यादी आली, पण तिच्यात एक अट होती. हिंदू धर्माशिवाय दुसरा धर्म मानणाऱ्याला त्या यादीत जागा नाही. १९५६ साली शिखांना त्यात सामावून घेतले. आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या बापजाद्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्याच क्षणी ते केंद्राच्या यादीतून बाहेर पडले.

पाच वर्षांनी १९६१ ची जनगणना आली. १९५१ साली, पुढे ज्याचे महाराष्ट्र राज्य झाले त्या भागात, बौद्धांची संख्या होती अडीच हजारांच्या आसपास. १९६१ साली ती झाली सुमारे २७ लाख ९० हजार. साऱ्या देशात १ लाख ८१ हजारांवरून ३२ लाख ५६ हजार. जगाच्या इतिहासात दहा वर्षांत एखाद्या धर्माचा आकडा असा क्वचितच बदलला असेल. आणि तो बदलला कसा? प्रगणकाने धर्म विचारला आणि लाखो अडाणी, भूमिहीन बायाबापड्यांनी 'बौद्ध' असे सांगितले. हे सांगण्यात तोटा होता. केंद्राची नोकरी, राखीव मतदारसंघ, सगळ्यावर पाणी सोडण्यासारखे होते. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, हे खरे आणि त्याचा उपयोगही झाला. पण दिल्लीचा दरवाजा बंदच होता.

तो किती घट्ट बंद होता ते १९६४ साली कळले. डॉ. डी. पी. मेश्राम हे १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातल्या एका राखीव मतदारसंघातून निवडून आले होते. विरोधकाने कोर्टात सांगितले की हे बौद्ध झालेले आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालय म्हणाले, ज्या माणसाने उघडपणे बौद्ध धर्म स्वीकारल्याचे जाहीर केले तो अनुसूचित जातीचा राहत नाही. निवडणूक रद्द झाली. गावाने त्याला अस्पृश्य मानणे सोडले काय, हा प्रश्न कायद्याने विचारलाच नाही.

याचा जमाखर्च आकड्यांत पाहायचा असेल तर महाराष्ट्रातले अनुसूचित जातींचे प्रमाण पाहा. १९६१ साली ते साडेपाच टक्क्यांच्या थोडे वर होते, १९७१ साली ६ टक्के, १९८१ साली ७.१४ टक्के. आणि १९९१ साली एकदम ११.१ टक्के! दहा वर्षांत इतकी माणसे जन्मली काय? नाही. १९९० साली, व्ही. पी. सिंगांचे सरकार असताना, संसदेने तो आदेश दुरुस्त केला आणि बौद्धांना यादीत घेतले. बाबासाहेबांना भारतरत्न दिले ते हेच वर्ष. जी माणसे चौतीस वर्षे मोजली जात नव्हती ती मोजली गेली, एवढेच झाले.

पण थांबा. कायदा बदलला म्हणून लगेच सगळे मिळाले, असे नाही. राखीव मतदारसंघांची संख्या अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायची, असे राज्यघटना सांगते. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी १८ जागा राखीव होत्या, कारण तो हिशोब १९७१ च्या सहा टक्क्यांवर केला होता. १९७६ च्या घटनादुरुस्तीने तो हिशोब गोठवून टाकला. १९९० साली बौद्ध यादीत आले, १९९१ साली आकडा वाढला, तरी जागा १८ च्या १८ च. मतदारसंघांची नवी रचना २००८ साली, २००१ च्या १०.२ टक्क्यांवरून झाली. तेव्हा १८ च्या २९ झाल्या आणि लोकसभेच्या ३ च्या ५. प्रत्यक्ष निवडणूक २००९ ची. म्हणजे धम्मदीक्षेपासून त्रेपन्न वर्षे. त्रेपन्न वर्षांत किती आमदार-खासदार व्हायचे राहिले, याचा हिशोब कोणी केलेला माझ्या वाचनात नाही. जागा वाढल्या म्हणून निवडून आलेल्यांनी समाजाचे किती भले केले, हा विषय काढला तर ही स्मरणिका पुरणार नाही. असो.

विशेष घटक योजनेचेही असेच. १९७९-८० च्या सुमाराला ही योजना आली तेव्हा तत्त्व असे होते की, विकासाच्या पैशातला वाटा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांच्यासाठी बाजूला काढायचा. वाटा किती, हे ठरवणार शिरगणती.

मोजले म्हणून काय कळले

काही लोक म्हणतात, मोजून काय होते? पोट भरते काय? पोट भरत नाही, पण खोटे बोलणे अवघड होते. एक उदाहरण सांगतो. हाताने मैला उचलण्याला १९९३ च्या कायद्याने बंदी झाली. त्यानंतर कित्येक राज्य सरकारे कोर्टात सांगत राहिली की आमच्याकडे असा प्रकार शिल्लकच नाही. मग २०११ च्या जनगणनेत घरांची यादी करताना संडास कोणत्या प्रकारचा आहे हे विचारले. माणसाकडून मैला काढला जातो असे ७ लाख ९४ हजार संडास निघाले! कोणी आंदोलन केले म्हणून नव्हे, प्रगणकाने रकाना भरला म्हणून. आंदोलन करणारे वर्षानुवर्षे ओरडत होते, आता त्यांच्या हातात सरकारचाच कागद आला. २०१३ साली नवा, अधिक कडक कायदा झाला.

दुसरे उदाहरण थोडे वेगळे. २०११-१२ साली एका मोठ्या पाहणीत देशभरातल्या ४२ हजारांवर कुटुंबांना विचारण्यात आले की तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते काय, अस्पृश्य तुमच्या स्वयंपाकघरात आला तर चालेल काय. सुमारे २७ टक्के घरांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारे पाळत असल्याचे कबूल केले. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट होऊन साठ वर्षे झाल्यानंतरची ही गोष्ट आहे. आणि ही कबूल करणाऱ्यांची संख्या. कबूल न करणारे वेगळे.

तिसरे आपल्या अभिमानाचे. २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के निघाली, देशाची ७२.९८. स्त्रियांत बौद्ध ७४.०४ टक्के आणि देश ६४.६३. एकूण अनुसूचित जातींत साक्षरता ६६ टक्क्यांच्या आसपास. लडाख, सिक्कीम, अरुणाचलचे जुने बौद्धही यात आहेत, पण देशातल्या ८४ लाख ४३ हजार बौद्धांपैकी ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रातले, आणि महाराष्ट्रातल्या बौद्धांची साक्षरता तर ८३ टक्क्यांवर आहे. दोन लाखांत कॉलेजचा एकही विद्यार्थी नव्हता त्या समाजाची ही वाटचाल. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले गेले नसते तर हा तक्ता निघालाच नसता आणि या आया-बहिणींची मेहनत दुसऱ्या कोणत्या तरी आकड्यात बुडून गेली असती.

मोजणी वाईट केली तर काय होते, त्याचेही उदाहरण घरचेच आहे. २०११ साली केंद्राने वेगळी सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय गणना केली. जातीची यादी हातात न देता, सांगेल ते लिहून घेतले. कोणी आडनाव सांगितले, कोणी पोटजात, कोणी गोत्र. देशात ४६ लाखांवर जातींची नावे जमली. महाराष्ट्रात सरकारी यादीत ४९४ जाती असताना ४ लाख २८ हजारांवर नावे निघाली, असे केंद्राने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. ते आकडे वापरता येणार नाहीत म्हणून बाजूला ठेवले गेले. त्याच वर्षी, पुरेशी माहिती नाही या कारणावरून, महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमधले इतर मागासवर्गीयांचे आरक्षण अडकले होते. आकडे नाहीत म्हणून हक्क नाही, आणि आकडे काढले ते कुचकामी. बिहारने २०२३ साली स्वतःची जातनिहाय पाहणी करून आकडे जाहीर केले, तेव्हा सर्वसाधारण गट साडेपंधरा टक्के आणि बाकी सारे मागास, अतिमागास, दलित, आदिवासी असे चित्र समोर आले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने ठरवले की येत्या जनगणनेत सर्वांचीच जात विचारली जाईल. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख जाहीर झाली. १९३१ नंतर प्रथमच हे होत आहे. तराजूचे दुसरे पारडेही आता वजनाला लागणार.

दोन रकाने

आपल्या वस्तीत यावर दोन मते आहेत आणि दोन्ही मी आदराने ऐकली आहेत. शिकलेली तरुण मुले म्हणतात, "आम्ही बौद्ध. जात दीक्षाभूमीवर सोडली. आता पुन्हा सरकारी कागदावर जात कशाला लिहायची?" जुनी माणसे म्हणतात, "बाबा रे, लिही. नाही लिहिलीस तर मोजला जाणार नाहीस." २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ६५ लाख ३१ हजार बौद्धांपैकी अनुसूचित जातीत धरले गेले ते सुमारे ५२ लाख. म्हणजे तेरा लाखांच्या आसपास माणसे अनुसूचित जातींच्या हिशोबात आलीच नाहीत. यात इतर जातींतून धम्मात आलेले असतील, पण 'बौद्ध' एवढेच सांगून थांबलेली आपली घरेही असणार.

माझे मत विचाराल तर, २०११ च्या फॉर्मवर धर्माचा रकाना वेगळा होता आणि जातीचा वेगळा, हीच आपली सोय आहे. धर्मापुढे 'बौद्ध', यात तडजोड नाही. जातीच्या रकान्यात यादीतले नाव सांगणे म्हणजे जात पाळणे नव्हे. दवाखान्याच्या कागदावर रोगाचे नाव लिहिले म्हणून कोणी रोगाचा अभिमान धरत नाही, पण नाव लिहिले नाही तर औषध मिळत नाही. ज्यांना तरीही लिहायचे नसेल त्यांनी समजून-उमजून तसे करावे. घाईत, किंवा प्रगणकाने परस्पर भरले म्हणून ते राहून जाऊ नये.

काही साध्या गोष्टी लक्षात असाव्यात. 'हरिजन', 'दलित', 'मागासवर्गीय' हे शब्द जातीच्या यादीत नाहीत. यादीत जातीचे नाव असते. प्रगणकाने धर्म न विचारता आडनावावरून 'हिंदू' लिहून टाकले तर त्याला थांबवून दुरुस्त करायला लावणे हा आपला हक्क आहे. जनगणनेत सांगितल्याने जातीचा दाखला मिळत नाही आणि न सांगितल्याने असलेला दाखला रद्दही होत नाही. ती दोन वेगळी कामे आहेत. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे आपण सांगितलेली वैयक्तिक माहिती गुप्त राहते, ती कोर्टातही पुरावा म्हणून दाखवता येत नाही. तेव्हा शेजारी काय म्हणेल, कचेरीत कळेल काय, ही भीती नको.

यंदा मोबाईलवरून स्वतः माहिती भरण्याची सोयही जाहीर झाली आहे. ज्या घरी कोणाला ते जमत असेल त्यांनी शेजारच्या दोन घरांना मदत करावी. आणि ज्या घरातली माणसे दिवसभर कामावर असतात, तिथे दुपारी दार उघडायला म्हातारी आजीच असते. तिला दोन्ही रकाने आधी नीट समजावून ठेवा. ती जे सांगेल तेच पुढची दहा वर्षे त्या घराचे उत्तर राहणार आहे.